सुभेदारांचं फडकं

तपासायला आलेलं यंत्र टेबलावर ठेवलं, की सुभेदार पहिली गोष्ट कोणती करत असतील तर त्याच्या तोंडावर फडकं टाकत. लष्करी हिरव्या रंगाचा, धुऊन धुऊन फिका पडलेला तो सुती चौकोन होता आणि त्याच्या चारी कडा त्यांनी स्वतःच्या हातानं शिवल्या होत्या. खिशातून काढायचा, एकदा झटकायचा आणि यंत्राच्या आकडे दाखवणाऱ्या काचेवर असा बेतानं पसरायचा, की बघणाऱ्याला वाटावं, संपलं बिचारं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीवर रुजू होऊन मला तासही झाला नव्हता. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. मी विचारलं, "गेलं का?"

सुभेदारांनी वर न बघता उत्तर दिलं, "गेलं न्हाई. आता खरं बोलंल."

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची ही प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या आठवतात. आमच्याकडे पत्र्याचं छत, एक वातानुकूलित खोली आणि शेजारच्या कारखान्यातून येणारा ग्राइंडरचा आवाज एवढंच होतं. कारखान्यांची, कॉलेजांची, दवाखान्यांची मोजमापाची यंत्रं आमच्याकडे तपासणीला येतात. त्यातली फ्रिक्वेन्सी जनरेटर ही सुभेदारांची खास जहागीर. हे यंत्र विजेच्या लाटा काढतं. सेकंदाला किती लाटा हव्यात तो आकडा आपण लावायचा, काचेवर तो उमटतो आणि मागून तेवढ्या लाटा बाहेर पडतात. निदान तसं यंत्राचं म्हणणं असतं. काचेवर हजार दिसतंय, पण बाहेर खरोखर हजार पडताहेत का, हे आमच्या काउंटरवर, म्हणजे लाटा मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून सांगायचं, हे आमचं काम.

यात फडक्याचा काय संबंध, हे मला कळायला आठवडा लागला. काउंटरचा शेवटचा आकडा कधी स्थिर नसतो, तो सारखा चुळबुळत असतो. समोर यंत्राची काच ठणकावून हजार म्हणत असली, की आपला डोळा नकळत हजाराच्या जवळचा आकडा उचलतो आणि आपल्याला वाटतं, आपण मोजलं. सुभेदार म्हणायचे, "आपुन मोजत न्हाई, हो ला हो म्हणतो." म्हणून यंत्राचं तोंड झाकायचं, आधी आपण मोजून कागदावर लिहायचं आणि मगच फडकं उचलून दोन आकडे शेजारी ठेवायचे. जुळले तर पास. मी आष्ट्याची. आमच्याकडे कुणी तोंड झाकून बोलत नाही आणि कुणाचं झाकूही देत नाही. पण ही पद्धत मला पटली.

सुभेदार औंधच्या बाजूच्या एका खेड्यातले. फौजेत सिग्नलमध्ये, संदेशवहनाच्या खात्यात, उभी हयात गेली, सुभेदार होऊन बाहेर पडले आणि घरी ऊस बघत बसायच्या ऐवजी इथे आले. आठवडाभर कुपवाडला एका खोलीत राहायचे, शनिवारी गावी. पौषात यमाईच्या जत्रेला मात्र सुट्टी ठरलेली. तेव्हा मालकांनी सोन्याचं यंत्र तपासायला आणलं असतं तरी ते थांबले नसते. अंगानं किरकोळ, मिशा मात्र दोन माणसांच्या. त्यांचं पाळण्यातलं नाव काय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पगाराच्या दिवशी मालकसुद्धा "सुभेदार, सही करा," एवढंच म्हणायचे.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे तापवणं. यंत्र सुरू केलं की तासभर त्याला हात लावायचा नाही. थंड यंत्राचा आकडा सरकत असतो, आत सगळं तापून एका जागी बसलं की मग तो थांबतो. हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. पण पुस्तकवाले घाईच्या दिवशी तेवढं पान उलटतात. सुभेदार उलटत नसत. ग्राहक दारात गाडी सुरू ठेवून उभा असला तरी म्हणायचे, "तापू द्या. गाडी बंद करा, पेट्रोल जळतंय." माणसांनाही त्यांचा हाच न्याय होता. मी लागल्यानंतर मालकांनी त्यांना विचारलं, नवीन पोरगी कशी आहे? सुभेदार म्हणाले, "आजून तापली न्हाई. कळंल." मी शेजारच्याच खोलीत होते, सगळं ऐकू आलं. त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला आणि कप ठेवताना म्हणाले, "साखर लय खाली हाय आज, पर चालंल."

ही त्यांची बोलायची तऱ्हाच होती. "बरोबर" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. मीठ "जरा वर" असायचं, पाऊस "थोडा मागं" असायचा, मालकांचं भाषण "बऱ्यापैकी लांब." ते सांगायचे, "चूक सगळ्यात हाय. यमाईच्या देवळातल्या घंटेत हाय, माझ्यात हाय, तुझ्यात तर हायच. चूक न्हाई आसं कुनी म्हनालं तर त्याला तपासायची सुदिक गरज न्हाई, त्यो नापास. चूक किती हाय ते सांगायचं, येवढंच आपलं काम." मी एकदा त्यांना पेचात पकडायचं म्हणून विचारलं, यंत्राला काउंटर तपासतो, मग काउंटरला कोण तपासतं? म्हणाले, पुण्याचा मोठा काउंटर. पुण्याच्याला? म्हणाले, दिल्लीचं घड्याळ. आणि दिल्लीच्या घड्याळाला? सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तितनं फुडं मी कदी इचारलं न्हाई. देवळात गेल्यावर देवाला कुनी ओळखपत्र मागतं का?"

नुसती चूक त्यांना खपायची; लहरी चूक मात्र अजिबात नाही. दरवर्षी तेवढ्यानंच पुढे पळणारं एक जुनं यंत्र एका कॉलेजातून यायचं, त्याच्यावर त्यांचा विलक्षण जीव. आलं की त्याच्या पाठीवर थाप मारायचे. "हे चुकतंय, पर नेमानं चुकतंय. ह्याच्या शब्दावर घर बांधावं." माझ्यावरही त्यांनी हीच माया केली. मी सांगलीहून स्कूटीवर यायची आणि रोज थोडी उशिरा पोचायची. मालक एकदा चिडले तेव्हा सुभेदार मध्ये पडले, "आवं, ती रोज तेवढाच उशीर करती. तिला धरून हिशोब मांडता येतो. वेळंवर कवा येनार आन कवा न्हाई हे ठावं नसलेलं मानूस लय वाईट." माझी बाजू इतक्या अपमानकारक रीतीनं आजवर दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

एकदा वसाहतीतलाच एक कारखानदार यंत्र घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे मोठं गिऱ्हाईक पाहणीला यायचं होतं, यंत्र काठावर नापास होत होतं आणि त्याला आमचं पासचं हिरवं लेबल हवं होतं. लेबलाचा रंग काय तो बदलायचा, कुणाचं काय जातं, असं तो गोड बोलून सांगत होता. सुभेदार म्हणाले, "हिरवं लावतो की. पर त्याच्यावर आकडा लाल लेबलाचाच लिवनार." तो माणूस यंत्र उचलून गेला तो परत आला नाही. मालक दोन दिवस तोंड पाडून होते, पण बोलले काही नाहीत. सुभेदारांचा एक खोटा आकडा सापडला तर त्यांचे आधीचे सगळे आकडे संशयात येतील आणि त्यांच्याबरोबर प्रयोगशाळाही, हे मालकांना पुरतं ठाऊक होतं.

आणि मग एका सकाळी नाना आले.

काठीच्या आधारानं एक उंच, थोराड माणूस दारात उभा राहिला. एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला पांढरी पट्टी. आत बघून त्यांनी हाक मारली, "शंकऱ्या! आरं शंकऱ्या!" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सुभेदार आतून अक्षरशः धावत आले. सुभेदारांचं नाव शंकर आहे, हे आम्हाला असं कळलं.

नाना म्हणजे सुभेदारांचे एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले मित्र. सुभेदार यंत्रावर बसायचे, नाना तारा ओढायचे. डोंगर पायाखाली घालून टेलिफोनची केबल टाकत जाणं हे त्यांचं काम. सुभेदार आम्हाला सांगू लागले, "ह्याच्या पायावर आमची सगळी पलटन बोलत हुती." सांगता सांगता त्यांचं लक्ष पट्टीकडे गेलं आणि ते थांबले.

नानांना साखरेचा आजार होता. अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती, शेजारच्या बोटापर्यंत काळी पडत चालली होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्ता बोटं काढली तर पाऊल वाचेल, थांबलात तर पाय जाईल. नानांनी डॉक्टरांना हात जोडले आणि घरी आले. मग तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात शिबिर झालं. तिथे त्यांना एक यंत्र मिळालं. हे यंत्र त्यांनी पिशवीतून काढून आमच्या टेबलावर ठेवलं. पाठीमागून दोन तारा आणि त्यांच्या टोकाला पाय ठेवायच्या दोन पट्ट्या. प्रत्येक रोगाची एक फ्रिक्वेन्सी असते, ती लावली की रोग विरघळतो, असं शिबिरात सांगितलं होतं. नानांनी मोबाईलवर आम्हाला व्हिडिओही दाखवले. यंत्र आल्यापासून त्यांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"गावात लोकं म्हनत्यात, ह्याच्यात नुसतं दिवं लावल्यात," नाना म्हणाले. "मी म्हनलं, माजा शंकऱ्या ह्येच काम करतो. तू तपास. तू पास म्हनालास तर मी ह्याच्यावर राहनार. तू नापास म्हन, ह्याच पावली दवाखान्यात जातो. दुसऱ्या कुनाच्या बोलन्यावर माजा इस्वास न्हाई."

सुभेदारांच्या चेहऱ्यावरून काही कळणं कठीण. पण त्या दिवशी मला कळलं. त्यांना हायसं वाटलं होतं. असली यंत्रं आम्ही ऐकून होतो. काचेवर एक आणि आत भलतंच, असणारच. नापास होणार, नाना मिरजेच्या दवाखान्यात जाणार, पाऊल वाचणार. सुभेदारांनी यंत्र सुरू केलं, तोंडावर फडकं टाकलं आणि ते तापेपर्यंत तिघांनी चहा घेतला. नाना जुन्या गमती सांगत होते. सुभेदार हसत होते, पण त्यांचं लक्ष सारखं त्या पांढऱ्या पट्टीवर जात होतं.

यंत्र तापलं. सुभेदारांनी मोजलं, लिहिलं, फडकं उचललं आणि बघतच राहिले. आकडे जुळले होते. थोडेथोडके नाहीत, इतके की कॉलेजांच्या महागड्या यंत्रांनी मान खाली घालावी. त्यांनी दुसरा आकडा लावून मोजला, तिसरा लावून मोजला. वायर बदलली, काउंटर बदलला. मी आयुष्यात पहिल्यांदा सुभेदारांना एखादं यंत्र नापास व्हावं म्हणून झटताना पाहिलं. ते काही होईना. आत लाटांचा ठेका धरणारा एक बरा क्रिस्टल होता, आणि नेमका आकडा काढणं आताशा काही कठीण राहिलेलं नाही. म्हणूनच तर विकणारा छातीठोकपणे सांगत होता, कुठेही तपासून घ्या.

मी त्यांना आतल्या खोलीत ओढलं. "नापास सांगा."

"आँ?"

"नापास सांगा, सुभेदार. लाल लेबल लावा. त्यांना आकड्यातलं काय कळतंय? पाय वाचेल त्यांचा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तडकलेलं यंत्र असावं. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मला ते सुचलं नसंल आसं वाटतंय व्हय तुला?" आणि बाहेर जाऊन त्यांनी नानांना सांगितलं, "नाना, मशीन पास."

नानांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "आगं, शंकऱ्यानं पास केलं! मी म्हनलं न्हवतं का?" सुभेदार म्हणाले, "आकडा पास झालाय, गड्या. आकड्यानं जखम भरती का, ते मी तपासलेलं न्हाई." पण आनंदात असलेल्या माणसाच्या कानात एवढा बारीक फरक कुठून शिरायचा? नाना म्हणाले, "आकडा खरा हाय न्हवं? मग झालं की!"

मी पर्स उचलली आणि घरी निघून आले. मला सुभेदारांचा इतका संताप आला होता, की रस्ताभर मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. काय करायचंय असल्या खरेपणाला? एका माणसाचा पाय जातोय आणि हे आपला आकडा सोवळ्यात ठेवून बसलेत. यंत्राला माया लावतात, चहातली साखर मोजतात आणि जिवाभावाच्या मित्रासाठी एक खोटं बोलवत नाही! नवऱ्यापुढे हेच सगळं बोलले. तो म्हणाला, "आता तू त्यांच्या जागी असतीस तर?" मी म्हटलं, "धडधडीत खोटं बोलले असते." अजूनही मला वाटतं, बोलले असते.

नाना रात्री सुभेदारांच्या खोलीवर राहिले होते. सकाळी मी मुद्दाम नेहमीपेक्षाही उशिरा गेले, म्हणजे माझा नेम मोडून गेले. सुभेदारांच्या ते लक्षातही आलं नाही, यावरून त्यांचं मन ठिकाणावर नाही हे मी समजले. नाना खुर्चीवर बसले होते, पाय यंत्राच्या पट्ट्यांवर. यंत्र त्यांच्या पाठीमागे, त्याच्यावर हिरवं फडकं. यंत्राकडून पायाकडे जाणारी वायर सुभेदारांनी मध्ये एका साध्या खटक्यातून नेली होती आणि खटकाही फडक्याखाली होता.

"काल म्हनलो हुतो न्हवं, जखमंचं तपासलेलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "जखमंला दिस लागतील. पर पायाला करंट कळतोय म्हनतोस, त्येवढं तर आज तपासू. चालंल?"

"तपास की! भितो का काय?" नाना म्हणाले. "मला लाट चालू झाल्याली बराबर कळती. मुंग्या येत्यात, पार घोट्यापतूर."

सुभेदारांनी मला खटक्याजवळ बसवलं. नाणं उडवायचं, छापा पडला तर चालू, काटा पडला तर बंद. चालू असेल तर माझ्यापुढे एक स्क्रू ठेवायचा, बंद असेल तर नट. नानांनी सांगायचं, आली का नाही, आणि सुभेदार त्याप्रमाणे आपल्यापुढे स्क्रू किंवा नट मांडणार. मग ते भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसले.

मी म्हटलं, "तुम्ही कशाला पाठ फिरवताय?"

"तू काय केलंस ते मला दिसलं, तर माज्या तोंडावरनं ह्याला कळंल. आन माज्या मनात काय हाय ते तुला ठावं हायच." मग म्हणाले, "आज फडकं माज्यावर बी पायजे हुतं."

नाणं उडत राहिलं. नाना डोळे मिटून, अगदी मन लावून सांगत होते. "आली." "गेली." "हां, आली." मी माझी रांग लावत होते. मध्ये एकदा नाणं लागोपाठ काट्यावरच पडत राहिलं. वायर मेलेली, पट्ट्या मेलेल्या. आणि नाना म्हणाले, "आता तर लय जोरात आली रं शंकऱ्या! गुडग्यापतूर आली!" त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. भिंतीकडे तोंड केलेल्या सुभेदारांनी एक स्क्रू ठेवला.

शेवटी ते वळले. दोन्ही रांगा टेबलावर शेजारी सरकवल्या आणि नानांना म्हणाले, "तूच बघ."

नानांनी बोटानं एकेक जोडी तपासली. स्क्रूसमोर नट, नटासमोर स्क्रू, साधारण निम्म्या जोड्या जुळलेल्या. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढ्या जुळल्याच असत्या. ते पुन्हा सुरुवातीला गेले, पुन्हा बोट फिरवलं. मग पट्टीच्या पायाकडे बघत बसले. त्या पायाला कधीपासूनच काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी ते सांगितलं होतं, पण आज ते त्यांच्या स्वतःच्या तोंडून बाहेर आलं होतं.

मान वर करून ते म्हणाले, "तुला काल नापास म्हनता आलं असतं. मी ऐकलं असतं तुजं. आज ही येळ कशाला आनलीस माज्यावर?"

"काल खोटं बोललो असतो," सुभेदार म्हणाले, "तर आजचं माजं खरं कशाच्या जोरावर मानलं असतंस? उद्या त्यांनी दुसरं मशीन दिलं असतं, पुना माज्याकडं आला असतास. मी किती डाव खोटं बोलू, नाना?"

एवढं बोलून सुभेदार नानांच्या पायाशी खाली बसले आणि पट्ट्यांवरून त्यांची पावलं हातानं उचलून एकेक करून जमिनीवर ठेवली. दोघंही रडत होते. मी खटका बंद आहे का ते उगाचच पुन्हा बघितलं.

दुपारी मालकांच्या गाडीतून नानांना मिरजेला नेलं. दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. पुढे यमाईच्या जत्रेला ते काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी गेले आणि प्रसादाचा नारळ त्यांनी आठवणीनं माझ्यासाठी पाठवला. ते यंत्र आमच्या कपाटात बरेच दिवस पडून होतं. त्याच्यावर सुभेदारांनी लावलेलं हिरवं लेबल तसंच होतं. काढू का म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ते काय खोटं न्हाई." त्यानंतर मी त्यांच्याशी त्या दिवसाबद्दल कधी वाद घातला नाही. पटलं म्हणून नाही. पण माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेनासं झालं.

सुभेदार आमच्याकडून नोकरी सोडून गेले तेही त्यांच्याच पद्धतीनं. एका यंत्राचा आकडा त्यांनी सकाळी एक लिहिला आणि दुपारी दुसरा. दुसरा कुणी असता तर एक कागद फाडून मोकळा झाला असता. ते दोन्ही कागद घेऊन मालकांकडे गेले. "मशीन तेच, काउंटर तोच, मग चुकलं कोन? मी. आन नेमानं चुकत असतो तर राहिलो असतो. आता कवा चुकंन, कवा न्हाई, सांगता येत न्हाई." मालकांनी पुष्कळ विनवलं. निघताना त्यांनी खिशातून फडकं काढलं, घडी केली आणि माझ्या हातावर ठेवलं. मालकांना म्हणाले, "ही तापली आता. हिला इचारत जावा." मला तेव्हा धड रडूही आलं नाही, नाक तेवढं वाहत राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नानांचा फोन आला. "ताई, शंकऱ्या गेला. झोपेत गेला." मालक आणि मी लगेच निघालो. जाण्यापूर्वी मी फडकं धुतलं आणि ओलं होतं तसंच पिशवीत घालून पर्समध्ये टाकलं. सुभेदारांच्या अंगावर ते घालावं, त्यांचं त्यांच्याबरोबर जावं, असं मनात होतं.

त्यांच्या घरापुढच्या अंगणात गाव जमलं होतं. सुभेदार मिशांसकट तसेच, फक्त त्या माणसाच्या मानानं फारच शांत. ऊन चढत होतं, माश्या बसत होत्या, म्हणून त्यांच्या भावकीतल्या कुणीतरी टॉवेल आणून त्यांच्या तोंडावर पसरला. मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत टेकत नाना पुढे आले, खाली वाकले आणि टॉवेल काढून घेतला.

"ह्याच्या तोंडावर फडकं टाकू नका," ते म्हणाले. "ह्याला झाकून बगायची गरज न्हाई. ह्याचा झाकल्याला आकडा आन उगडा आकडा, जलमभर येकच हुता."

आणि ते तिथेच, मित्राच्या उशाशी बसून, टॉवेलानं माश्या वारत राहिले. मी पर्सची चेन लावून टाकली.

परतताना मालकांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. मग म्हणाले, "फडकं ठेवायचं राहिलं वाटतं तुझं."

"राहिलं नाही," मी म्हटलं. "उद्या कॉलेजचं मशीन यायचंय."